पेव नसलेलं गाव

गज्या, तू गेल्याला आज अठरा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. वेळेवर जेवतो. भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो, पोरांना रेघी वह्या देतो, कोणी ग्राफपेपर मागितला तर तोही बरोबर काढून देतो. आई म्हणते, याला धक्का बसलाय. धक्का वगैरे मला तर काही जाणवत नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपलाच असतो, पण जमिनीला टेकवला तरी कळत नाही, तसं सगळं झालंय.

तू कसा गेलास ते मी इथं लिहिणार नाही. हिंगोलीपासून तुझ्या गावापर्यंत, डोंगरकड्यापर्यंत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जो भेटतो तो मला पुन्हा पहिल्यापासून सांगतो. मी ऐकून घेतो. मला तुझ्याशी बोलायचंय ते वेगळंच आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, एका खेळावरून एवढं?

आपली ओळखच भांडणातून झाली. मुनाफभाईच्या नेट कॅफेत सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, आणि दुपारी तिथं बंदुकीच्या खेळाच्या दोन पार्ट्या पडायच्या. तीन इकडे, तीन तिकडे. त्या दिवशी तू माझ्या पार्टीत आलास आणि आपण पाचही डाव हरलो, कारण आपला तिसरा गडी नवखा होता, तो कुठंतरी कोपऱ्यात अडकायचा, आणि तू दर वेळी त्याला आणायला मागं जायचास आणि दोघंही मरायचात. मी सगळ्या कॅफेसमोर तुला शिव्या घातल्या. तू हेडफोन काढून ठेवलास आणि हसलास.

"खेळ हाय रे," म्हणालास.

"खेळ हाय म्हणूनच जिंकायचा असतो," मी म्हणालो.

हे एवढंच आपलं भांडण. पुढची तीन वर्षं आपण तेच करत राहिलो, आणि ते मिटायच्या आधी तू उठून गेलास.

मग तो गावांचा खेळ आला. त्यात ना चित्रं हलायची ना बंदूक वाजायची. नकाशावर एक गाव मिळायचं, त्यात शेतं, कोठार, थोडी फौज. तुम्ही कॉम्प्युटरसमोर असा नसा, शेत पिकतच राहायचं आणि कोठारात धान्य पडतच राहायचं. तुझ्या वडलांना, तात्यांना, हे समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ना पाणी द्यायचं, ना राखण. असली जमीन कुठं भेटती ते इचारा." फौज एका गावातून दुसऱ्या गावात जायला खरोखरचे तास लागायचे. जगभरातली हजारो माणसं एकाच नकाशावर, आणि कोणीही कधीही येऊन लुटून जाणार. म्हणजे दिवसभर कोणीतरी जागेवर हवंच. इथं तर लाईटीचा खेळ त्याहून मोठा. शहरात सकाळी असायची तेव्हा तुमच्याकडे डोंगरकड्याला नसायची, तुमच्याकडे दुपारी यायची तेव्हा इकडे पंखे बंद.

दोघांत एकच खातं घ्यायचं ही तुझी कल्पना. सकाळी मी मुनाफभाईकडून खेळायचं, दुपारी तू, तू शिकवायचास त्या कॉम्प्युटर क्लासमधून. लाईटीचं वेळापत्रक बदललं की तू ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घ्यायचास, गाव एका रकान्यात, शहर दुसऱ्यात. गजानन आणि सुधाकर मिळून नाव ठेवलं गजसुधा. खेळातले परदेशी आपल्याला बाई समजायचे, मॅडम म्हणायचे. एका तुर्की गड्यानं तर, लग्न झालंय का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, त्याला खरं सांगून टाक. तू म्हणालास, "राहू दे, आपल्याला लाकूड पाठवून राहिला ना तो."

चाळीस जणांची टोळी झाली. मी तिचा म्होरक्या झालो, कारण मला हिशोबी लढता यायचं. आणि टोळी टिकली ती तुझ्यामुळे, हे आज लिहितो, तेव्हा कधी बोललो नाही. नवीन माणूस आला की शब्दकोश उघडून तू त्याला इंग्रजीत अर्धं पान लिहायचास. पहिलं वाक्य ठरलेलं: आधी पेव बांधा. खेळात जमिनीखालचं एक तळघर होतं, त्यात ठेवलेलं धान्य लुटारूला नेता यायचं नाही. आपण त्याला पेव म्हणायचो. फौज नंतर, भिंत नंतर, आधी पेव. किती जणांना तू हे लिहिलंस त्याला गणती नाही.

आणि मी सकाळी येऊन बघायचो तर कोठार रिकामं. कोणाला तरी धान्य पाठवलेलं असायचं. मी चिडून त्या खेळातल्या टिपणवहीत तुझ्यासाठी निरोप टाकायचो, "धर्मशाळा काढली का?" आणि दुपारी तुझं उत्तर यायचं, "व्हय. तुमी पण या."

तुझ्या घरी आलो होतो तो दिवस आठवतो. संध्याकाळी तात्या शेळ्या घेऊन परत येत होते आणि सगळा कळप बांधावर थांबलेला. पायानं अधू असलेली एक शेळी मागून येत होती. लंगडी तिचं नाव. ती पोचेपर्यंत तात्या काठी टेकून उभे. घरी चहा पिताना मी विचारलं, एका शेळीसाठी सगळ्यांना काहून थांबवता? तात्या म्हणाले, "तिला सोडून आलो तर बाकीच्यायलाबी कळतंच की बापा. उद्या आपला पाय मोडला तर हा आपल्यालाबी सोडील."

मी म्हणालो, "तात्या, लढाईत असं न्हाई चालत."

"मंग शेळ्या घेऊन लढाईला जाता काहून?" तात्या म्हणाले. तू एवढा हसलास की चहा नाकात गेला.

आता त्या शेवटच्या भांडणाचं. माझी बाजू मी पुन्हा मांडतो, कारण मला अजूनही वाटतं की तू चुकलास. शत्रूटोळीचं मुख्य गाव पाडायला आपण सहा आठवडे तयारी करत होतो. चाळीस जणांची फौज, वेगवेगळ्या अंतरावरून निघून एकाच मिनिटाला पोचायची. सगळ्यात मोठी फौज आपली. ठरल्या दिवशी सकाळी माझ्या पाळीत निघायचं होतं. आदल्या दुपारी, तुझ्या पाळीत, त्या पोलंडच्या म्हाताऱ्यावर हल्ला आला. नातवानं खेळायला बसवलेला म्हातारा, आठवड्यातून दोनदा यायचा, ज्याला काढून टाकू म्हणून मी कितीदा सांगितलं होतं तोच. त्यानं सगळ्यांकडे मदत मागितली. कोणी दिली नाही, कारण उद्याची मोहीम सगळ्यांना ठाऊक होती. तू मात्र आपली सगळी फौज त्याच्या दारात नेऊन उभी केलीस.

सकाळी मी खातं उघडलं तर छावणी रिकामी. मोजून अकरा घोडेस्वार उरलेले. बाकीचे एकोणचाळीस जण माझ्या हुकमाची वाट बघत होते. मी बाहेर येऊन तुला फोन लावला.

"तो एकटा व्हता, सुध्या."

"आन आपण चाळीस व्हतो! सहा आठवडे, गज्या!"

"मंग मी काय करायचं व्हतं? बघत बसायचं?"

"व्हय! बघत बसायचं! शेळ्या राखायच्या आसतील तर बापासंगं जा राखायला."

हे मी बोललो. तू म्हणालास, "खेळ हाय रे," पण या वेळी हसला नाहीस. मी फोन कापला, आत गेलो आणि पासवर्ड बदलला. तीन वर्षं दोघांचं असलेलं खातं दोन मिनिटांत माझं एकट्याचं झालं. त्या दुपारी तू क्लासमध्ये बसून जुना पासवर्ड किती वेळा टाकून पाहिलास, कुणास ठाऊक.

त्यानंतर पाच आठवडे आपण बोललो नाही. मी वाट बघत होतो की तू माफी मागशील. मोहीम फसली, टोळीतले निम्मे लोक पांगले, तेही मी तुझ्याच नावावर टाकलं. आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. भांडणाच्या तिसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याचं पत्र आलं होतं. मॅडम, तुमच्यामुळे माझं गाव वाचलं, नातू फार खूश आहे, असं काहीतरी मोडक्या इंग्रजीत. ते पत्र तुझं होतं. मी वाचलं आणि तसंच ठेवलं. ते अजून तिथंच आहे, गज्या. तुझं म्हणून आज सांगतो.

फौज तर पुन्हा उभी करायला हवी होती, आणि त्याला धान्य लागतं. म्हणून मी आसपासची दुबळी गावं हेरली आणि रोज सकाळी त्यांच्यावर स्वार सोडायला लागलो. एका कागदावर प्रत्येक गावाच्या जागेचे नकाशातले दोन आकडे लिहून ठेवले होते, फक्त आकडे. लुटायच्या गावाचं नाव कोण वाचतं? त्यात आपल्या गावापासून नकाशावरच्या सात घरांवर एक नवं गाव उगवलं होतं. नवख्यांना पहिला आठवडा संरक्षण असतं, तो संपल्या दिवशीच मी त्याला यादीत घातलं. सगळ्यात सोपं गाव तेच निघालं. भिंत नाही, फौज नाही, पेवसुद्धा नाही. रोज भरलेलं कोठार उघड्यावर. माझे स्वार जाऊन पोती लादून यायचे. मी मुनाफभाईला म्हणालोसुद्धा, एक येडं सापडलंय. रोज नऊ-साडेनऊला लाईट आली की पहिलं काम तेच. तीन आठवडे.

मग तू गेलास.

तेराव्याला डोंगरकड्याला आलो. जेवणाच्या पंगती उठल्या, आणि तात्या माझ्याजवळ येऊन बसले. ते रडत नव्हते. तेही माझ्यासारखेच दिसत होते. तुझी बहीण सुमी आतून निळी वही घेऊन आली. तात्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

"हे तुह्यावालं आसंल लेकरा," म्हणाले. "मला तर वाचता येत न्हाई. सुमीनं वाचून दाखिवलं. रोज तुहंच लिवेल हाय त्यात. आमाला वाटलं, तुमी बोलून राहिले एकमेकाशी."

मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

परतीच्या बसमध्ये वही उघडली. अर्ध्यापर्यंत आपलं लाईटीचं वेळापत्रक. नंतरच्या पानावर वर लिहिलेलं, 'लंगडी', आणि त्यापुढे दोन आकडे. ते आकडे मला पाठ होते. तीन आठवडे रोज सकाळी मी तेच टाईप करत होतो.

त्याखाली तुझी पासवर्ड लिहायची जागा. तिथं आपला जुनाच.

आणि मग ओळी. तारीख नाही, नुसती वेळ. दुपारी लाईट आली की तू सकाळच्या हल्ल्याचा अहवाल बघत असणार. "आला. ९.४०." "आला. ९.३५. लाईट लवकर आली वाटतं." "आला. ११.१०. आज उशीर. दुकानात थांबला आसंल." "आला. स्वार वाढवले, ३०. बरं चाललंय त्याचं." माझा हल्ला म्हणजे तुझ्यासाठी माझी हजेरी होती. मी फोन उचलत नव्हतो, तेव्हा माझी खबर तुला माझ्या स्वारांकडून मिळत होती.

मध्ये एक ओळ आहे: "आज न्हाई आला. काहून? तब्येत?" आणि दुसऱ्या दिवशी: "आजबी न्हाई. फोन लावला, उचलला न्हाई."

ते दोन दिवस मी चिकुनगुनियानं पडून होतो, गज्या. सांधे असे धरले होते की कुशीवर वळता येत नव्हतं. उशाशी फोन वाजला, तुझं नाव दिसलं, आणि मला वाटलं, आता हा भांडायला लागणार. मी तो उशीखाली सरकवला. त्याच्या पुढची ओळ: "आला. ९.५५. बरं झालं."

बरं झालं! तुझं कोठार साफ झालं होतं त्या दिवशी, आणि तू लिहितोस बरं झालं. एक निरोप टाकायला काय झालं होतं तुला? त्या खेळात पत्र पाठवता येत होतं. "सुध्या, मी हाय" एवढं लिहिलं असतंस तर? का तुला वाटत होतं की मी कधीतरी गावाचं नाव वाचीन? लंगडी. जगात ते नाव वाचून थांबला असता असा एकच माणूस, आणि तो आकडे बघत होता. मला तुझा राग येतो. रागाखाली काय आहे ते अजून हाताला लागत नाही.

आणि पेव. चाळीस जणांना आधी पेव बांधा म्हणणारा तू. विसरलास, हे मी मानणार नाही. आळस केलास, हेही नाही. मग उघड्यावर ठेवलंस ते माझ्यासाठी ठेवलंस की मला दाखवायला? याच्यावर आपलं चांगलं दोन तास भांडण झालं असतं. मी म्हणालो असतो, मला लाजवायला केलंस. तू म्हणाला असतास, खेळ हाय रे.

आज सकाळी मुनाफभाईकडे गेलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारशेजारचे दोन कॉम्प्युटर मागितले.

"दूसरे पे कौन बैठेगा?" त्यानं विचारलं.

"मैंइच," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही चालू करून दिले.

एकावर गजसुधा उघडलं. दुसऱ्यावर तुझं गाव, आपल्या जुन्या पासवर्डनं. अठरा दिवस कोणी आलं नव्हतं. कोठार काठोकाठ भरलेलं, आणि शेतं पिकतच होती. पेव बांधायची कळ समोर होती. मी बोट तिथं नेलं आणि परत घेतलं. ते तुझं ठरवणं होतं, ते मी बदलणारा कोण?

मग पहिल्या कॉम्प्युटरवर आलो आणि स्वार सोडले. सात घरं. वेड लागलं का म्हणशील. पण आज ते आले नसते तर तू पुन्हा फोन लावला असतास, आणि या वेळी मला उचलता आला नसता.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लाल अक्षरं उमटली. हल्ला येतोय, चाळीस मिनिटं, हल्लेखोर गजसुधा. तीन वर्षांत मी हे त्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. त्या नावात अर्धा तूच. मी खुर्ची तुझ्या गावाकडे वळवली आणि मिनिटं उतरताना बघत बसलो. मुनाफभाईनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. लाईट जाईल असं वाटत होतं, पण गेली नाही. वेळ शून्यावर आली आणि कोठाराचा आकडा एकदम खाली पडला. दुसरं काही झालं नाही.

मी वही उघडली. तुझ्या शेवटच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं, "आला. १०.२५." मग मागं जाऊन तू विचारलं होतंस ती ओळ शोधली आणि तिच्यासमोर उत्तर लिहिलं.

तब्येत बरी न्हाई, गज्या.